पडून राहायची खूण

वाळूवरच्या फुटबॉलमध्ये एक नियम असा आहे, की तो ऐकून गवतावरचे लोक हसतात. ज्याला पाडलं, त्यानंच फटका मारायचा. गवतावर कसं, कुणीही पडावं आणि संघात जो पटाईत असेल त्यानं पुढं येऊन मारावं. वाळूवर तसं नाही. तुला पाडलं ना, मग ऊठ, तोंडातली वाळू थुंक, चेंडूखाली वाळूचा छोटा ढीग कर आणि मार. समोर भिंत करून उभं राहायची कुणाला परवानगी नाही. पडलेल्याला उठताच येत नसेल, स्ट्रेचरवरून न्यावं लागत असेल, तरच त्याच्या जागी जो बदली येईल त्यानं मारायचा.

नियम करणाऱ्यांनी चांगल्या मनानंच केला असेल. पण नियम आला की पळवाट पाठोपाठ येतेच. आमच्या गोष्टीतल्या संघाची पळवाट म्हणजे कोचची टोपी. एखाद्या कच्च्या फटक्याच्या खेळाडूला गोलासमोर पाडलं, की कोच बाकावर बसल्या बसल्या टोपी काढून मांडीवर ठेवायचा. टोपी डोक्यावर असेल तर उठायचं. टोपी मांडीवर आली की गुडघा धरून पडून राहायचं, विव्हळायचं, स्ट्रेचर येऊ द्यायचं. मग बदली खेळाडू आत यायचा, ढीग करायचा आणि मारायचा. चौदा वर्षं तो बदली खेळाडू एकच होता. त्याला सगळे फावड्या म्हणायचे.

हे नाव त्याच्या पायांवरून पडलं. वाळूत अनवाणी धावून धावून त्याचे पाय इतके पसरले होते, की बोटं एकमेकांशी भांडून वेगळी झाल्यासारखी दिसायची. दोन बोटं मोडून वाकडी जुळलेली. आणि गंमत अशी, की हंगाम संपला की हा माणूस सहा महिने मेव्हण्याच्या बुटांच्या दुकानात काम करायचा. दुकानातला एकही बूट त्याच्या पायात जायचा नाही. स्वतः रबरी सपाता घालून तो लोकांच्या पायात बूट चढवायचा. "आमच्याकडं जाहिरात उलटी आहे," मेव्हणा गिऱ्हाइकांना सांगायचा. "बूट न घालता पायाचं काय होतं ते आधी बघा, मग निवडा." गिऱ्हाईक हसायचं, फावड्याही हसायचा. बायकोचा भाऊ म्हटल्यावर दुसरं काय करणार?

घरात मात्र हसण्यासारखं फार नव्हतं. घरात बाबा होते. बाबांनी बेचाळीस वर्षं एका मोठ्या स्टेडियमची हिरवळ राखली. पहाटे गवत कापायचं, पट्टे आखायचे, मॅच झाली की उखडलेली ढेकळं हातानं बसवायची. फावड्या त्या हिरवळीच्या कडेलाच वाढला. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच क्लबात शिकला आणि एके दिवशी तिथल्या साहेबानं "पाय जड आहेत" एवढं बोलून त्याला घरी पाठवलं. पुढच्या उन्हाळ्यात तो वाळूवर गेला. तिथं जड पाय चालतात, उलट लागतात. पण बाबांच्या लेखी त्या दिवसापासून पोरगं फुटबॉल खेळायचं थांबलं होतं. चौदा वर्षांत ते एकदाही त्याची मॅच बघायला आले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाळूत मांजर काय करतं ते मला माहीत आहे. त्यासाठी तिकीट कशाला काढू?"

हा टोमणा फावड्यानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो पंचवीसचा होता. नंतर नंतर त्यानं ऐकून सोडून द्यायला शिकून घेतलं, असं तो सांगायचा. खोटं सांगायचा. प्रत्येक मॅचला मैदानात उतरताना त्याची नजर एकदा सगळ्या प्रेक्षकांवरून फिरायची आणि मग खाली यायची. बायकोला ते माहीत होतं. तिनं कधी विषय काढला नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. चौदा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं, देशाचा संघ वाळूवरच्या वर्ल्ड कपला पात्र ठरला. आणि फावड्यानं छत्तिसावं ओलांडलं. पुढचा वर्ल्ड कप दोन वर्षांनी, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. देशाच्या संघाचा प्रशिक्षक एक शांत, जाड चष्म्याचा माणूस होता. त्यानं फावड्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "एका फॉरवर्डची जागा राहिली आहे. तू किंवा तुमचाच सरडा. लीगच्या शेवटच्या मॅचला मी येतोय. बघतो आणि नाव लिहितो."

सरडा म्हणजे फावड्याच्याच संघातला बावीस वर्षांचा फॉरवर्ड. चपळ, बोलायला गोड, आणि वाळूवर उलटा पडून डोक्यावरून चेंडू मारण्यात तरबेज. त्याचा राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि फावड्याला त्याचाच जास्त राग यायचा.

घरी येऊन फावड्यानं ही बातमी जेवताना सांगितली. बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि सासऱ्यांकडं वळून म्हणाली, "बाबा, या मॅचला तुम्ही यायचं. मी विचारत नाहीये, सांगतेय." बाबा खाली बघून जेवत राहिले. पण मॅचच्या दिवशी पाहतात तो काय, म्हातारा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

मैदानाशी आल्यावर बाबांनी सगळ्यात आधी खाली वाकून मूठभर वाळू उचलली. बोटांतून गाळली. "जाड आहे," म्हणाले. "पाणी कमी मारलंय. पाय भाजतील." मग हात झटकून सुनेशेजारी दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. उतरताना फावड्याची नजर सवयीनं फिरली आणि या वेळी खाली आली नाही. पुढची दहा मिनिटं तो अगदी भिकार खेळला. छाती भरून आली की पाय ऐकत नाहीत, त्याला काय करणार?

मॅच अटीतटीची होती. जो जिंकेल त्याचा कप, आणि या संघानं कप बघून अकरा वर्षं झाली होती. बारा बारा मिनिटांचे तीन डाव. पहिल्या डावात फावड्याला पाडलं, त्यानं स्वतः मारला, गेला बारवरून. दुसऱ्यात पुन्हा पाडलं, पुन्हा मारला, गोलकीपरनं पायानं अडवला. तिसऱ्या डावात मात्र त्याचा हात बसला म्हणा, पाय बसला म्हणा. छातीवर घेऊन चेंडू खाली पडू न देता त्यानं जो गोल मारला, तो बघून चष्मेवाला वहीत काहीतरी लिहिताना दिसला. तिकडं सरड्याचे दोन झाले होते. चार चार अशी बरोबरी आणि दीड मिनिट राहिलेलं.

तेव्हा समोरच्या बचाववाल्यानं फावड्याला पाठीमागून आडवा केला. गोलापासून नऊ मीटर, अगदी समोर. शिट्टी वाजली. फावड्या तोंडावर पडला होता, पण लागलं काहीच नव्हतं. अशा जागेवरून त्यानं आयुष्यात शंभर तरी गोल मारले असतील. बाप बघतोय, चष्मेवाला बघतोय. तो उठायला कोपरावर आला आणि सवयीनं बाकाकडं बघितलं.

कोचची टोपी मांडीवर होती.

त्याला आधी वाटलं, आपण चुकीचं बघतोय. आजवर ती टोपी उतरली ती त्याच्यासाठी. कोच त्याच्याकडं बघत नव्हता, शेजारी उभ्या सरड्याच्या पाठीवर हात ठेवून होता. हिशेब सोपा होता. आज फावड्याचे दोन वाया गेलेत, सरड्याचा पाय चालतोय, कप पाहिजे.

उठला असता तर कोण अडवणार होतं? पंच नाही, नियम नाही. नियम तर त्याच्याच बाजूनं होता. पण तेवढ्यात त्याला खांब दिसला. खांब म्हणजे संघाचा उंच बचाववाला, फावड्याबरोबर पहिल्या वर्षापासून खेळलेला. हा खांब फावड्यासाठी किती वेळा वाळूत पडून राहिला असेल, मोजलं नव्हतं. एकदाही त्यानं विचारलं नाही की मी का मारायचा नाही. प्रत्येक वेळी पडला, विव्हळला, स्ट्रेचरवर चढला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो फावड्याचा. या वर्षानंतर खांब खेळणं सोडणार होता. तो दहा पावलांवर उभा राहून फावड्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढंच होतं की आता तुझी पाळी.

फावड्यानं डावा गुडघा धरला आणि गाल वाळूवर टेकवला.

विव्हळायचं त्याला नीट जमेना, चौदा वर्षांत कधी करावंच लागलं नव्हतं. पण त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी ओरडलं. दोरी ओलांडून बाबा धावत येत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, बूट वाळूत रुतताहेत, एक बूट मागं राहिला तरी थांबत नाहीये. आले, गुडघे टेकून बसले आणि पोराचा पाय दोन्ही हातांत धरला. "कुठं? कुठं लागलं?"

"डावा," फावड्या म्हणाला. "गुडघा."

स्ट्रेचर आलं. बाबा एका पायात बूट घालून स्ट्रेचरबरोबर चालत राहिले. मागं सरड्यानं ढीग केला आणि मारला. कप मिळाला.

कपडे बदलायच्या खोलीत मात्र वेगळाच तमाशा उभा राहिला. हरलेल्या संघाचा व्यवस्थापक दारात येऊन तावातावानं बोलत होता. यांची ही टोपीची नाटकं आम्हाला ठाऊक आहेत, याला काही झालेलं नाही, आम्ही लेखी तक्रार करणार, गोल रद्द करा. संघाच्या डॉक्टरनं फावड्याचा गुडघा वाकवून बघितला, कोचकडं बघितलं आणि कागदावर लिहिलं, गंभीर दुखापत, सहा ते आठ आठवडे विश्रांती. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत चष्मेवाला आत आला. त्यानं तो कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि बाकड्यावर फावड्याशेजारी बसला.

"वाईट झालं रे," तो म्हणाला. "त्या गोलानंतर मी तुझंच नाव लिहिलं होतं." वही उघडून त्यानं दाखवलीही. नाव होतं. "पाच आठवड्यांत बरा होशील का?"

फावड्यानं तोंड उघडलं. दारात व्यवस्थापक कान टवकारून उभा. कोचचा हात त्याच्या खांद्यावर आला आणि बोटं आत रुतली. समोर खांब कप मांडीवर घेऊन बसला होता आणि वरचा वाळूचा थर अंगठ्यानं पुसत होता. आता खरं बोललं तर गोल जातो, कप जातो, डॉक्टर जातो. नाही बोललं तर एकच जण जातो.

"नाही होणार," फावड्या म्हणाला. "फार दुखतोय."

चष्मेवाल्यानं वहीत एक रेघ मारली आणि निघून गेला.

बायकोला त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी खरं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग आत्ताच्या आत्ता जा आणि सांग."

"सांगितलं तर कप जाईल."

"कप तू घरी आणणारेस का?"

"खांबाचं शेवटचं वर्ष आहे."

"आणि तुझं काय पहिलं आहे?" ती म्हणाली. "त्या कोचनं टोपी काढली आणि तू चौदा वर्षं काढून दिलीस त्याच्या हातात." मग बाहेर बाबांची चाहूल लागली तशी तिनं तोंड फिरवलं. "नीट लंगड. ते येतायत."

बाबा एक पिवळा पत्र्याचा डबा घेऊन आले होते. स्टेडियमवरच्या खेळाडूंना लावायचं ते मलम, निवृत्त होताना त्यांनी आणलेलं. स्टूल ओढून समोर बसले, पोराचा डावा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागले. तेव्हापासून रोज सकाळी हाच कार्यक्रम. धडधाकट गुडघा, आणि त्यावर म्हाताऱ्याचे गवतानं चिरलेले, जाड बोटांचे हात. मलमानं कातडी जळायची आणि फावड्या दात आवळून बसायचा. बाबांना वाटायचं, दुखतंय. ते हात हलका करायचे.

आणि ते बोलायला लागले. वर्षानुवर्षं मिठासाठी सुद्धा जो माणूस पोराशी बोलला नाही, तो गुडघा चोळता चोळता बोलायचा. तुझा तो छातीवरचा गोल चांगला होता. वाळूत टाच आधी टेकते का बोटं? कोपऱ्यातली वाळू खाली दबलेली असते, नाही का? एकदा म्हणाले, "त्या दिवशी साहेबानं तुला काढलं ना, तेव्हा मी तिथंच होतो. गवत कापायची मशीन चालू होती. बंद करून दोन शब्द बोलायला पाहिजे होते. साहेब ऐकायचा माझं." डब्यातून आणखी बोटभर मलम घेतलं. "नाही केली बंद. नोकरी होती."

फावड्याला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता, आणि डब्याबरोबर हे बोलणंही. त्यानं नाही सांगितलं. आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं, आणि मिळालं ते खोट्या गुडघ्यावर. अशी थट्टा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तक्रारीची चौकशी रेंगाळली, म्हणून लंगडणंही रेंगाळलं. रस्त्यात लंगडायचं, दुकानात लंगडायचं, शिडीवरून खोके काढताना लंगडायचं. मेव्हण्याला आयतंच सापडलं. "या, या," तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आमचे खेळाडू मालाची वाट बघतायत, त्यांच्या एका पायासाठी अर्धी जोडी मागवलीय." फावड्या हसायचा नाही आता. मेव्हणाच मग गप्प बसायला शिकला.

कोच एकदा घरी येऊन गेला. त्याला कपामुळं बढती मिळाली होती, देशाच्या संघाबरोबर साहाय्यक म्हणून निघाला होता. "तू फार मोठं काम केलंस," असं दोनदा म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला. फावड्या त्याला दारापर्यंत लंगडत सोडायला गेला. कोच म्हणाला, "अरे, माझ्यासमोर कशाला?" फावड्याला आता ते मुद्दाम करावं लागत नव्हतं.

वर्ल्ड कपची पहिली मॅच दुपारची होती. दुकानाला सुट्टी. टीव्हीसमोर फावड्या खुर्चीत, बाबा शेजारी स्टुलावर डबा घेऊन, पोराचा पाय त्यांच्या मांडीवर. बायको दारात उभी राहून बघत होती, बसायला तयार नव्हती. सरडा चांगला खेळत होता. वाईट खेळावा असं फावड्याला मनापासून वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती.

शेवटचा डाव. एक गोलानं मागं. सरड्याला गोलासमोर आडवा केला, थेट मधोमध. कॅमेरा बाकाकडं वळला. तिथं देशाच्या संघाचा नावाजलेला फॉरवर्ड आत यायला तयार उभा होता, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसलेला कोच. कोचनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

पडद्यावर सरडा कोपरावर आला, बाकाकडं बघितलं. टोपी त्याला दिसली, यात शंकाच नाही. तो एक क्षण तसाच राहिला. मग उठला, तोंडातली वाळू थुंकली आणि चेंडूखाली ढीग करायला लागला. मारला. गोलाच्या दांडीला घासून बाहेर गेला. मॅच हातची गेली.

बाबांचा हात गुडघ्यावर थांबला होता.

"बाहेर मारला," फावड्या म्हणाला. "ऐकायला पाहिजे होतं. नुकसान केलं संघाचं."

"बाहेर मारला," बाबा म्हणाले. "पण उठला."

त्यांनी मलमाचे हात फडक्याला पुसले, सावकाश डब्याचं झाकण लावलं आणि पोराचा पाय मांडीवरून खाली ठेवला. जोरात नाही, जपूनच ठेवला.

"बेचाळीस वर्षं मैदानाच्या कडेला उभा होतो मी," ते म्हणाले. "खरा पडलेला कसा दिसतो ते मला कळतं. धावत आलो तेव्हा नाही कळलं, तेव्हा बाप होतो. तिसऱ्या दिवशी कळलं." डबा बगलेत मारून ते उठले. "आणि गेले दोन आठवडे तू उजव्या पायानं लंगडतोयस."

"मग रोज चोळत का होता?" फावड्यानं विचारलं.

बाबा दारात थांबले. सुनेनं त्यांना वाट दिली. "तू सांगशील म्हणून," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

टीव्हीवर कुणीतरी सरड्याला रागानं बोलत होतं आणि सरडा मान वर करून ऐकत होता. बायकोनं येऊन टीव्ही बंद केला. फावड्या बराच वेळ दोन्ही पायांकडं बघत बसला. मग बाबांच्या खोलीकडं जायला उठला. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाय अजून ओढतोच आहे. त्यानं तो सरळ टाकून बघितला. जमेना. दाराशी पोचेपर्यंत आत कडी लागल्याचा आवाज आला.